आपली विश्वासू

जुन्या मेल प्रोग्रामने अखेर मान टाकली, तेव्हा निवृत्त मुख्याध्यापिका नलिनीबाईंनी कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम हट्टाने स्वतःच बसवला. जर्मनीतल्या लेकीला लोणचं घातल्याचं लिहिलं आणि त्या थबकल्या. मजकुराखाली काहीच उमटलं नव्हतं.

जुन्या प्रोग्राममध्ये शाळेच्या क्लार्कने कायमची सही घालून दिली होती: 'आपली विश्वासू, मुख्याध्यापिका.' ती काढायची कशी, हे बाईंना कधी उमगलं नाही आणि कुणाला विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. लेकीच्या बाळंतपणात डिंकाच्या लाडवांची कृती पाठवली, तीसुद्धा मुख्याध्यापिकेच्या सहीने गेली होती.

आता त्या रिकाम्या जागेत बाईंनी एका बोटाने टाइप केलं, 'तुझी आई', आणि मेल पाठवून दिला.

पाच मिनिटांत फोन वाजला. "आई, तुझा मेल हॅक झालाय बहुतेक. खाली भलतीच सही आहे."

"माझीच आहे," बाई म्हणाल्या. "नवी."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्यामागून हसणं.

"मग लाडवांची कृती परत पाठव," लेक म्हणाली. "सहीसकट."