ऑक्टोबरची छाटणी

शेवटची काडी कोंबांचे डोळे मोजून कापली, तेव्हा कुठे पुंजारामच्या हातांची शिवशिव थांबली. मग त्याने मागे वळून पाहिलं. सुनेची अख्खी बाग भुंडी झाली होती.

बाग म्हणजे नाशिक रोडच्या कॉलनीत, घरासमोरची दहा-बारा फुटांची पट्टी. पण चैतालीचा तिच्यावर भारी जीव. ऑक्टोबरात ऊन सगळं करपवून टाकतं, तरी दिवाळीला आपल्या दारात रंग हवा, हे तिने जूनपासून मनावर घेतलं होतं. शाळेत शिकवून झालं की नर्सरीत जाऊन एकेक रोप पारखून आणलं होतं. पिवळ्या शेवंतीची ओळ, जांभळी कोरांटी, आणि कोपऱ्यात पॉइन्सेटिया, थंडी पडली की ज्याची शेंड्याची पानं लालभडक होतात. सप्टेंबरनंतर त्याला कात्री लावायची नाही, असं नर्सरीवाल्याने बजावलं होतं. शेवंतीने कळ्या धरल्या होत्या. त्या आता फरशीवर पडल्या होत्या.

पुंजारामला खरं तर एक वाळकी फांदी तेवढी काढायची होती. पण जित्याची खोड! पस्तीस वर्षं तो आपल्या गावाहून, पेठहून, टोळीबरोबर दिंडोरीकडे द्राक्षांच्या छाटणीला जायचा. दसरा आला की पानं उतरवायची, डोळे मोजायचे, काडी कापायची आणि पुढच्या वेलाखाली जाऊन उभं राहायचं. बागा सगळ्या दुसऱ्यांच्या. स्वतःचा म्हणून एक वेल नाही, पण हात असा की बागायतदार त्याच्यासाठी छाटणी चार दिवस अडवून ठेवत. गेल्या साली वेलांच्या मांडवाखालीच छातीत कळ येऊन तो कोसळला आणि राकेशने, त्याच्या मुलाने, त्याला इथे आणलं. "पुन्हा दिवसभर हात वर करून उभे राहिलात, तर त्यातून उठणार नाही," डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. तेव्हापासून गोळ्या, टीव्ही आणि दुपारची झोप. घरात त्याला काही कमी नव्हतं. त्याचं कुणाला काही कामही नव्हतं.

सकाळी टोळीच्या मुकादमाचा, केरूचा, फोन आला होता. "गाडी सांजच्याला निघतीय. तुला नाशिकातूनच घेऊ. येतो का?" पुंजाराम "बघतो" म्हणाला आणि तेव्हापासून घरभर येरझाऱ्या घालत होता. खुर्चीत बसला की उठायचा, उठला की पुन्हा बसायचा. शेवटी कात्री घेऊन अंगणात आला होता.

आता बघायचं काही उरलं नव्हतं. त्याने पिशवी काढली. दोन सदरे भरले, पंचा भरला, कात्री खुपसली. गोळ्यांची डबी घेतली, ठेवली, परत घेतली. मरण यायचं तर मांडवाखाली येऊ दे. इथे बसून पोरीच्या हौसेची नासाडी करण्यापेक्षा ते बरं.

पिशवी घेऊन तो दारात आला, तेवढ्यात फाटक वाजलं. चैताली शाळेतून आली होती. तिने स्कूटी लावली आणि तशीच थिजली. वाकून शेवंतीची एक कळी उचलली, तळहातावर धरली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बाबा, काय केलंत हे?"

"मला नाय कळलं पोरी. हातच चालत राहिले." त्याला तिच्याकडे बघवेना. "मी जातो केरूसंगं. हे हात घरात ठेवायजोगे नाय राहिले."

चैतालीने पिशवीकडे पाहिलं. मग छाटलेल्या काड्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एकेक काप तिरका, स्वच्छ, डोळ्याच्या बोटभर वर. तिने पदराने डोळे पुसले आणि स्कूटी परत वळवली.

"मी येईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही," ती म्हणाली आणि गेली.

पुंजारामने पिशवी दारातच टेकवली. राकेशलाच आणायला गेली असणार. पोरगा आता चारचौघांत बोलणार. त्याने दोनदा पिशवी उचलली, दोनदा ठेवली. ऊन भिंतीवरून उतरलं. केरूची गाडी एव्हाना गावातून निघाली असेल.

मग चैतालीच्या स्कूटीमागून दारात छोटा टेम्पो येऊन थांबला. राकेश नव्हता. चैताली एकेक कुंडी उतरवू लागली. गुलाबाच्या बारा कुंड्या, कमरेइतकी वाढलेली, वेड्यावाकड्या फांद्यांची झाडं. एकावरही धड फूल नाही.

"असली कशाला आणली?" पुंजारामला राहवेना. "ही तर वाढून माजलीत."

"म्हणून स्वस्तात मिळाली. नर्सरीवाला म्हणाला, गुलाब आत्ताच छाटायचा, म्हणजे दीड महिन्याने फुलतो. दरवर्षी छाटायचा." तिने ओटीवर पाट टाकला आणि पहिली कुंडी त्याच्यासमोर सरकवली. "मला यातलं काही येत नाही. पण रोज दोनच कुंड्या. आणि बसून."

"तुझा दिवाळीचा रंग गेला ना."

"गेला. मला वाईट वाटलंय, खोटं नाही सांगत. आता नाताळच्या सुट्टीत बघू."

पुंजारामने पिशवीतून कात्री काढली. फांदी बोटांत धरली, फिरवून पाहिली, बाहेरच्या बाजूचा डोळा शोधला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"पुंजा, नाशिकात द्वारका चौकाला पोचतोय आम्ही," केरू ओरडून बोलत होता, मागे टोळीचा गलका होता. "कुठं हाय तू?"

पुंजाराम पाटावर जरा ताठ बसला.

"नाय जमायचं केरू," तो म्हणाला. "या साली घरची छाटणी हाय."