काट्याचं कोंबडं

मोहफुलांची टोपली ओसरीत उतरवताना सुकरीच्या नाकात कुजका वास गेला. मोहाचा वास तिच्या ओळखीचा. हा वेगळा होता. तिने लेकीला, दिव्याला, मांडीवर ओढलं आणि तिचा पाय उलटा केला. टाच भाजून काळी पडली होती, त्यात राख रुतलेली, कडेने पू धरलेला. सात वर्षांची पोर मजेत चिंच चोखत होती.

मोह वेचायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात. राख वरून गार दिसते, आत निखारे असतात. बाकीची पोरं चटका बसला की पळतात. दिव्याला जन्मापासून दुखणं कळतच नव्हतं, म्हणून सुकरी रोज संध्याकाळी तिचं अंग बोट न् बोट तपासायची. गेले आठ दिवस मात्र तिने पाहिलं नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी पोरीच्या पायात बोरीचा काटा गेला आणि ती ‘माय वो’ म्हणून रडली. सुकरीही रडली, आनंदाने. देवाला कोंबडं दिलं, टोल्यावरच्या वस्तीत घरोघरी रस्सा वाटला. हे कधी बरं होत नाही म्हणणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरला काय कळतं, असंही ती चार बायांना सांगून आली.

"काट्याले रडली, अन् याले काऊन नाई?" तिने विचारलं.

दिव्याने बापाकडे पाहिलं. दोर वळणाऱ्या पोचूचे हात थांबले.

"मीच शिकवलं तिले," तो म्हणाला. "तू रोज भेवात राहे. तुले एक डाव खुश पाहाचं होतं."

"कोंबडं कापलं तवा तरी बोलाचं."

"तू हासून राह्यली होती."

याने दुसरी बायको घरात आणली असती तर एवढं लागलं नसतं, असं सुकरीला वाटलं. घरातल्या दोघांनी मिळून तिला फसवलं होतं, आणि ती खुळ्यासारखी रस्सा वाटत फिरली होती.

तिने तांब्यातलं पाणी जखमेवर सोडलं. पोर हललीसुद्धा नाही.

"निखाऱ्यावर पाय पडला, दिसलं नाई तुले?"

"दिसलं ना."

"मंग काऊन नाई रडली?"

"तू नव्हती ना तिथी," दिव्या म्हणाली. "बाबानं सांगतलं होतं, माय पाहून राह्यली असली तवाच रडाचं."