कानामागची सूज

टोपडं काढलं आणि डॉ. बुद्धप्रिया क्षणभर थबकल्या. बाळाचा डावा कान पुढे, खाली ढकलला गेला होता. मागे लाल, तकतकीत सूज. सात महिन्यांचा जीव आईच्या मांडीवर नुसता पडून होता.

आई, रेणुका, कालपासून घाबरलेली. आजी केवळाबाईंना मात्र जळकोटहून नांदेडला यायचंच नव्हतं. कान वाहत होता तोवर त्यांनी रोज अंघोळीनंतर लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडलं होतं. परवा वाहायचं थांबलं, काल रडणंही थांबलं. ताप तेवढा राहिला. तेल लागू पडलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा शब्द मोडायची घरात कुणाची टाप नव्हती.

डॉक्टरांनी सरळच सांगितलं. कान बरा झालेला नाही. पू मागच्या हाडात शिरलाय आणि पलीकडे मेंदू आहे. बाळ ग्लानीत आहे म्हणून रडत नाही. आजच चिरून पू काढावा लागेल, नाहीतर बाळ हाती लागणार नाही. बापाने, आनंदराजने, सहीसाठी पेन घेतलं आणि सवयीने आपल्या आईकडे, केवळाबाईंकडे पाहिलं.

"गप निजलंय की लेकरू," केवळाबाई म्हणाल्या. "कामून चिरायलाव?"

बुद्धप्रियांनी वाद घातला नाही. म्हातारीचं बोट धरून हलकेच बाळाच्या कानामागे टेकवलं. पिकल्या चिकूसारखं मऊ लागलं.

केवळाबाईंनी बोट झटकन मागे घेतलं.

"कर सही," त्या मुलाला म्हणाल्या. "लवकर कर."

नर्स बाळाला ऑपरेशनला घेऊन गेली. आईबाप मागोमाग धावले. केवळाबाई तिथेच उभ्या राहिल्या.

"माझी पहिली पोरगी, अयोध्या," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "तिच्या बी कानामागं असंच मऊ लागलं हुतं. सूज उतरावी म्हनून म्या लई रगडलं. मग ती गप झाली. मला वाटलं, उतार पडला."

तेव्हा गावात डॉक्टर तरी कुठे होता, तुम्हाला कसं कळणार, असं काहीबाही बुद्धप्रिया म्हणाल्या.

केवळाबाई आपल्या बोटाकडे बघत होत्या.

"बोटाला कळलं हुतं," त्या म्हणाल्या.