हूक नसलेली गाडी

कांगारूसारखी वॉलबी आडवी आल्याने क्लाइव्हची जीप भंगारात गेली, म्हणून शनिवारी सकाळीच नवराबायको होबार्टच्या शोरूममध्ये आले. नोरीन सरळ सगळ्यात छोट्या गाडीत जाऊन बसली. "हिला मागे बोट जोडायचा हूक आहे का?" तिने सेल्समनला विचारलं. "छे, मॅडम, ही एवढीशी गाडी बोट कुठली ओढणार!" "मग हीच द्या." क्लाइव्हचं तोंड उतरलं. "अगं, मी दर रविवारी मासेमारीला जातो ना?" "जातोस खरा! गेल्या रविवारी जिताडा आणलास. मी कोळ्याची पोर आहे रे. टास्मानियाच्या थंडगार समुद्रात जिताडा जन्मात गावत नाही. तो तुझ्या त्या डेबीच्या मासळीच्या दुकानातल्या फ्रीजमध्ये गावतो." क्लाइव्हने विचारलं, "आणि बोट?" "तिच्यात माझ्या कोंबड्या राहतील. तू बॅग भर. डेबीकडे चालतही जाता येतं." सही ठोकून नोरीनने दोन्ही किल्ल्या पर्समध्ये टाकल्या.