एडक्याची दृष्ट

सकाळी सात वाजता एडका पुन्हा बसला. माजावर आलेली मेंढी त्याच्यासमोर उभी होती आणि तो धापा टाकत होता.

"दृष्ट लागली त्याला," म्हणत धुळाने एडक्यावरून लिंबू उतरवलं.

"दृष्ट न्हाई, चरबी लागलीय!" त्याची बायको ठकूबाई कावली. "जत्रेतल्या टकरीसाठी त्याला मक्याचा भरडा नि अंडी. आन् ह्यास्नी?" तिने मेंढीच्या दाट लोकरीत बोटं खुपसली, कण्याची हाडं टोचली. गेल्या साली निम्म्या मेंढ्या भाकड राहिल्या होत्या. यंदाही कोकरं झाली नाहीत, तर कळपच विकावा लागणार होता.

तिने भरड्याची पाटी ओढून मेंढ्यांपुढे ठेवली. तसा एडका उठला आणि झपाझप मेंढ्यांत घुसला.

"बघ, उतरली दृष्ट!" धुळा हरखला.

ठकूबाईने कपाळावर हात मारला. एडक्याने माजावरच्या मेंढीला शिंगाने बाजूला सारून तोंड पाटीत घातलं होतं.