उपरण्याखालचा भाव

पटकीची साथ ओसरली, विहिरींत औषधाची पावडर पडली आणि तीन महिन्यांनी देवळ्याचा बैलबाजार पुन्हा भरला. सावळीराम हेडी खुशीत होता. बैल उदंड, गिऱ्हाईक मोजकं. दलालाला याहून सोन्याचा दिवस कुठला? मेलेल्यांचं त्याला दुःख होतंच. पण ते त्यानं घरीच उरकून घेतलं होतं.

त्याचा सगळा धंदा खांद्यावरच्या उपरण्याखाली चाले. उपरण्याआड गिऱ्हाइकाचा हात धरायचा, बोटांवरून भाव समजून घ्यायचा. मग तसाच बैलाच्या मालकाचा हात धरून थोडा कमी सांगायचा. मधल्या फरकावर सावळीरामचं घर चाले. भाव तोंडानं बोलायचा नाही, ही बाजाराची रीत.

जयराम गिऱ्हाइकानं बोटांनी नऊशे सांगितले. सावळीराम नाथाच्या बैलाकडे वळला. सवयीनं उपरणं टाकलं, हात पुढं केला आणि मध्येच थबकला. कासरा धरून नाथाची बायको उभी होती, लंकाबाई. कपाळ मोकळं.

"वहिनी, संगं कुणी बाप्या नाय का?"

"असता तर बैल कशाला इकला असता?"

"दीर?"

"दोघं भाऊ एकाच आठवड्यात गेले."

परक्या बाईचा हात भर बाजारात धरायचा कसा?

"मग भाव कसा सांगू?"

"तोंडानं सांगा की, बापू. तुमचं तोंड तर धडधाकट हाय ना?"

तो तिच्या कानाशी वाकायला गेला. ती मागं सरली.

"सहाशे," तो पुटपुटला.

"सहाशे?" ती मोठ्यानं म्हणाली.

"सहाशे?" पलीकडून जयराम ओरडला. "आन् मी नऊशे सांगितले, ते कुणाच्या घशात चालले?"

आजूबाजूच्या माना वळल्या. बैल तेवढे रवंथ करत राहिले.

लंकाबाई रागावली नाही.

"बापू," ती म्हणाली, "वीस वरसं ह्यांचा हात तुमच्याच हातात व्हता."

सावळीराम पुढच्या बैलाकडे सरकला. कासऱ्याला बाई होती. त्याच्या पुढच्या बैलाच्याही. पार लिंबाच्या झाडापर्यंत बैलांच्या शिंगांआडून पदरच दिसत होते.

उपरण्याखाली त्याचा हात अजून तसाच पुढं होता.