शिळं पाणी

शेवटचा मासाही उलटा तरंगताना दिसला, तेव्हा शालनताईंनी दुकानदाराला फोन लावला. "अहो, रोज सगळं पाणी उपसून ताजं भरत होते मी. शिळं पाणी चालतच नाही आमच्याकडे."

"तिथंच चुकलं, काकू. माशांना जुनंच पाणी लागतं. रोज बदललं तर मरणारच ते."

पक्षाघातानं वाचा गेलेल्या यजमानांना विरंगुळा म्हणून टाकी पलंगासमोर मांडली होती. पाणी उपसायला घेतलं की ते घशातून आवाज काढत हात गादीवर आपटायचे. शालनताईंना वाटायचं, स्वारी खुश आहे.

म्हणजे ते 'नको' म्हणत होते! पलंगावरून त्यांना मासे तडफडताना दिसत होते. आणि आजवर प्रत्येक वेळी शालनताईंनी त्या हाताचा अर्थ 'हो' असाच घेतला होता.

"अहो, चहा आणू?" त्यांनी चाचरत विचारलं.

हात गादीवर आपटला.